चाळीस पौंड

"सर, टार्गेट पाहिजे की हंटिंग?" धनुष्याच्या दुकानात फोन लावला तर पलीकडच्या पोराने एवढंच विचारलं आणि मी काहीच विचार न करता 'हंटिंग' म्हणून मोकळा झालो. माझं तालुक्याच्या गावात छोटं कृषी केंद्र आहे, समोर बियाण्याची चौकशी करायला आलेले दोघं उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि त्यातला एक जण जाताना म्हणाला, "भाऊ, कायची हंटिंग करून राह्यले?" मी हसण्यावारी नेलं. पण ते डोक्यातून जाईना. कारण खरंच, कायची? १९७२ पासून आपल्याकडे शिकार बंद आहे हे शेंबड्या पोराला माहीत आहे. रानडुकरासाठी वनविभागाकडे अर्ज करायची वाट आहे म्हणा, पण ती कागदांची वाट आहे, धनुष्य घेऊन रात्री धुऱ्यावर उभं राहायची नाही. आणि मी आयुष्यात उंदरापेक्षा मोठं काही मारलेलं नाही, तोही पिंजऱ्यात सापडलेला. तरी तोंडातून 'टार्गेट' निघालं नाही. टार्गेट म्हटलं असतं तर कोणी काही विचारलंही नसतं, उलट या वयात खेळ शिकतो म्हणून कौतुकच झालं असतं.

आमचं वावर पांढरकवड्याच्या बाजूला आहे. जंगल फार लांब नाही आणि टिपेश्वरचे वाघ काही नकाशा पाहून फिरत नाहीत, त्यामुळे रात्रीच्या जागलीत दोन भीती एकदम असतात, एक डुकरांची आणि एक डुकरांमागे येणाऱ्याची. लहानपणी बाबांसोबत मी माळ्यावर झोपायचो. झोपायचो म्हणजे पडून राहायचो. बाबा अधूनमधून तेलाचा रिकामा पिपा बडवायचे, गोफणीतून एखादा दगड अंधारात भिरकावायचे, आणि मग खूप लांब कोणीतरी दुसऱ्या वावरातून हाळी द्यायचा. तुरीच्या ओळीतून डुकरांचा कळप चालला की आधी आवाज येतो, कडकड असा, शेंगा भरलेली झाडं मोडल्याचा, आणि त्याच्या मागून वास, चिखल आणि ओल्या पोत्यासारखा. तो वास आला की बाबा शिवी द्यायचे, आणि त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त असायचा. आता माळ्याच्या जागी झटका मशीन आलं, सोलरची प्लेट आली, पिप्याच्या जागी मोबाईलवर रेकॉर्ड केलेला कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज आला. डुकरं तीच आहेत. हुशार झालीत एवढंच.

मला वाटतं 'हंटिंग' हा शब्द तिथून आला. मारायचं म्हणून नाही, पण त्या अंधारात बाबांच्या हातात काहीतरी असायला हवं होतं असं तेव्हा जे वाटायचं, तिथून. आता हे मी शोधून काढलेलं कारण आहे की खरं कारण आहे, देव जाणे. चाळिशीत माणसाला कशाचंही कारण बालपणात सापडतं.

यूट्यूबवर धनुष्य शोधायला लागलं की सगळे अमेरिकन काका भेटतात. पानांच्या छापाची टोपी, जीपचा मागचा दरवाजा उघडा, आणि बोलायला लागले की थांबत नाहीत. पण माणसं कामाची आहेत, एकेक गोष्ट पंधरा मिनिटं समजावतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, कोणत्या जनावरासाठी? कारण त्यांच्याकडे सगळं हिशेबाने आहे. धनुष्याचा जोर पौंडात मोजतात, दोरी २८ इंच ओढल्यावर बोटांवर किती वजन येतं तो आकडा. हरीण मारायचं तर बऱ्याच राज्यांत कायद्यानेच किमान जोर ठरवून दिलाय, कुठे ३०, कुठे ३५, कुठे ४०, आणि काका मंडळींचा सल्ला असा की कायदा काही म्हणो, ४० च्या खाली उतरू नका. मीही मग ४० धरून बसलो. ४० म्हणजे धनुष्य, त्याखाली पोरांचा खेळ, असं डोक्यात पक्कं झालं. दुकानवाल्या पोराने तर त्याच्यापुढे जाऊन सांगितलं, "सर ४५ घ्या, सहा महिन्यांत हात बसतो, नाहीतर परत पैसे घालावे लागतील." पटलं. परत पैसे घालावे लागतील हे वाक्य आपल्याला नेहमीच पटतं, मीही माझ्या दुकानात फवारणीचा पंप विकताना तेच बोलतो.

आधी मला कंपाऊंड, म्हणजे चाकांचं धनुष्य, हवं होतं. कोणाला नसतं? २०२३ मध्ये आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने बर्लिनला वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या फायनलमध्ये १५० पैकी १५० मारले, पंधराचे पंधरा बाण दहात, आणि त्याच स्पर्धेत साताऱ्याची आदिती स्वामी, ती तर सतरा वर्षांची पोरगी, तीही वर्ल्ड चॅम्पियन झाली. तेव्हापासून धनुष्य म्हटलं की डोळ्यासमोर ते चाकांचं यंत्रच येतं. ते यंत्र आहेही भारी. दोन्ही टोकांना वाकडी चाकं, मधल्या टप्प्यात जोर लागतो आणि शेवटाला आला की चाक उलटतं आणि एकदम हलकं होतं. ६० पौंडांचं असेल आणि शेवटाला ८० टक्के जोर कमी होत असेल तर पूर्ण ओढल्यावर हातात फक्त १२ पौंड उरतात. मिसूरीतल्या हॉलेस विल्बर ॲलन नावाच्या माणसाने याचं पेटंट मिळवलं १९६९ साली, आणि अमेरिकेतली धनुष्याची शिकारच बदलून गेली, कारण हरीण झाडाआडून बाहेर येईपर्यंत आता माणूस दोरी ओढून निवांत थांबू शकतो. पण मी थांबणार कोणासाठी? शिवाय त्याची दोरी बदलायला प्रेस लागतो, लोखंडी मशीन असतं, त्यात धनुष्य दाबून धरल्याशिवाय दोरीला हात लावता येत नाही. आमच्याकडे साधी मोटर जळाली तर वाइंडिंगवाल्याकडे आठ दिवस पडून असते. धनुष्य प्रेससाठी नागपूरला घेऊन जा, मग सुट्टीचा दिवस, मग तो दुकानात नाही, हे सगळं दिसायला लागलं आणि कंपाऊंडचं भूत उतरलं. किंमत पाहून आधीच अर्धं उतरलं होतं, खोटं कशाला बोलू.

राहिलं साधं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं बिनचाकांचं धनुष्य, लाकडी मुठीचं. 'हंटिंग' म्हणून जे विकतात ते हेच, टार्गेटवाल्यापेक्षा आखूड, झाडाझुडपांत अडकू नये म्हणून, त्याला ना नेम धरायची साइट ना पुढे निघालेल्या दांड्या. टेकडाऊन म्हणजे मुठीपासून दोन्ही पाती स्क्रूने सुटी होतात, पिशवीत मावतं, आणि मुख्य म्हणजे उद्या जास्त जोर हवा असला तर नुसती पाती बदलायची, मूठ तीच. दोरी चढवायला एक साधी नाडी येते, तिच्यात पाय घालून धनुष्य वाकवायचं. अमेरिकन काका शपथेवर सांगतात की नवख्याने पहिलं धनुष्य हेच घ्यावं. मग ४५ ला कशाला चिकटलो होतो मी?

नागपूरला जाऊन प्रत्यक्ष ओढून पाहिलं तेव्हा कळलं. ४५ ची पाती लावलेलं धनुष्य त्या पोराने हातात दिलं, मी दम धरून ओढायला लागलो, अर्ध्यावर खांदा कानाला लागला, हात आभाळाकडे गेला आणि दोरी हनुवटीपर्यंत यायच्या आधी अख्खं अंग थरथरायला लागलं. आमच्या घरी पन्नास किलोची खताची थैली मी एकटा उचलतो. पण हे ओढणं त्या ताकदीचं नाहीच, पाठीच्या फऱ्यांमधलं काहीतरी आहे जे आयुष्यात कधी वापरलंच नव्हतं. एक साधी परीक्षा आहे, खुर्चीवर बसायचं, दोन्ही पाय जमिनीवरून उचलायचे आणि धनुष्य समोर धरून ओढायचं, आभाळाकडे न नेता. ओढता आलं तर ते धनुष्य तुमचं. ४५ ला जमलं नाही, ४० ला नाही, ३५ ला ओढलं पण तोंड वाकडं झालं आणि तिथे आईबरोबर आलेली एक शाळकरी मुलगी माझ्याकडे बघत होती, तिचा क्लास सुरू व्हायचा होता म्हणे.

काउंटरच्या काचेखाली ब्रॉडहेडची, म्हणजे शिकारीच्या बाणाच्या टोकांची पुडी होती. मी मागितली नव्हती, त्यानेच काढून समोर ठेवली. तीन पात्यांचं टोक, प्रत्येक पातं दाढीच्या ब्लेडसारखं, १०० ग्रेन, म्हणजे साडेसहा ग्रॅम. सरावाचं बिनपात्यांचं टोकही त्याच वजनाचं मिळतं, कारण वजन सारखं असलं की बाण साधारण सारखा उडतो, सरावात एक आणि शिकारीत दुसरं असं व्हायला नको. मी ते तळहातावर घेतलं. मागच्या बाजूला स्क्रूचे आटे होते, त्यांना तेलाचा वास होता. आणि तिथे उभ्या उभ्या मला त्या ४० चा अर्थ लागला. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, तो कापतो, जनावर रक्त जाऊन मरतं, आणि लवकर मरावं, तडफडत कोसभर जाऊ नये म्हणून बाण बरगड्यांतून, दोन्ही फुप्फुसांतून पार निघायला हवा. त्यासाठी ४०. तो आकडा हरणाच्या बरगड्यांचा आहे. माझ्या खांद्याचा नाही, माझ्या मर्दानगीचा तर नाहीच नाही. अमेरिकेतले रिकर्व्हवाले जबाबदार शिकारी म्हणूनच वीसेक यार्डांपलीकडे शक्यतो बाण सोडत नाहीत, त्यांची अर्धी विद्या नेम धरण्यात नाही, जवळ जाण्यात आहे. आणि मी रात्री दोन वाजता, टॉर्चच्या उजेडात, तुरीत घुसलेल्या डुकराला काय करणार होतो? जखमी करणार. जखमी डुक्कर तुरीत बसलं की सकाळी शेंगा तोडायला जाणाऱ्या बायांचं काय होतं हे आमच्याकडे कोणाला सांगायची गरज नाही.

पुडी परत दिली. पण अगदी लगेच दिली नाही, हेही लिहून ठेवतो.

पाती घेतली ३० ची. त्यातही माझी ओढ, म्हणजे दोरी किती लांब ओढली जाते ते माप, कमी. दोन्ही हात पसरून भिंतीला टेकायचं, मधल्या बोटांच्या टोकांमधलं अंतर मोजायचं आणि अडीचने भागायचं, असा हिशेब आहे. बायकोने शिवणकामाच्या टेपने मोजलं, साडेसदुसष्ट इंच, म्हणजे ओढ २७. दर इंचाला दोन-अडीच पौंड कमी होतात, तेव्हा माझ्या बोटांवर येणार २७-२८ पौंड. "एवढ्या पैशात एवढंच?" असं ती म्हणाली, आणि त्या वाक्याला मी काय उत्तर देणार. मग डोळ्याची भानगड निघाली. दोन्ही तळव्यांची छोटी खिडकी करून त्यातून लांबचं काहीतरी बघायचं, मी पाण्याची टाकी पाहिली, आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा, ज्या डोळ्याला टाकी खिडकीतच राहते तो तुमचा मुख्य डोळा. माझा डावा निघाला. मी जेवतो उजव्याने, लिहितो उजव्याने, गोफणही उजव्याने फिरवायचो आणि दगड नेहमी बाजूला जायचा, बाबा म्हणायचे तुझं लक्ष नाही. लक्ष होतं हो बाबा, डोळा दुसराच होता! आता नेम डाव्या डोळ्याने धरायचा तर दोरी डाव्या हाताने ओढायची, म्हणजे धनुष्य डावखुऱ्याचं, आणि ते दुकानात कोणी ठेवत नाही, मागवावं लागतं. मुठीला बाण टेकायची खाच एकाच बाजूला कापलेली असते, उलटं धरून चालत नाही. सोयाबीन पेरून उगवलं, डवरणीला आलं, तेव्हा कुठे पार्सल आलं.

धनुष्य घरात आलं आणि घराचं देऊळ झालं. जो येईल तो ओढून बघणार. बाबा, शेजारचे काकाजी, दुधवाला, माझा साळा, सगळ्यांना ओढायचं असतं आणि ओढून तसंच सोडून द्यायचं असतं, आणि तेच नेमकं करायचं नाही. बाण न लावता दोरी सोडली की बाणात जायचा तो सगळा जोर पात्यांत परत जातो, पातं चिरतं, कधी तुटून तोंडावर येतं. म्हणून मी प्रत्येकाच्या पाठीमागे उभा राहून "सोडू नका, हळूच परत न्या" असं ओरडत असतो. गावात आता मला एकलव्य म्हणतात, आणि वर अंगठा दाखवा म्हणतात. कोठ्याच्या मागच्या मातीच्या भिंतीला खताच्या रिकाम्या थैल्या, त्यात जुनी लुगडी आणि फाटक्या चादरी दाबून भरलेल्या, असं निशाण केलंय. सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथे उभा राहतो. हातावर चामड्याची पट्टी बांधली नाही तर दोरी कोपराच्या आतल्या बाजूला असा चटका देते की संध्याकाळपर्यंत निळं दिसतं. दोरीला मेण लावायचं असतं, त्याचा वास बोटांना राहतो आणि मग दिवसभर गिऱ्हाईकाला पावती देताना मध्येच येतो. बाण लागतो तो आवाज मला आवडतो. चादरींत लागला की 'ठप्प', भिंतीला लागला की कडक आणि महाग.

आमच्याकडे पूर्वी सालानं कामाला असलेले एक मामा आहेत, कोलाम पोडावरचे, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरचे, आता डोळ्याने कमी दिसतं त्यांना. त्यांच्या घरी आढ्याला बांबूचा तिरकामठा अडकवलेला असायचा, त्याची दोरीसुद्धा बांबूच्याच चिपेची, लहानपणी मी त्याला हात लावायला भ्यायचो. ते एका सकाळी आले, धनुष्य बघितलं, बोटाने दोरी टिचकावली, पाती दाबून बघितली. मला वाटलं आता हे काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "हे डाव्यानंच काऊन?" मी डोळ्याचं समजावलं. "आमच्या कामठ्याले डावं-उजवं नसते," एवढं बोलून त्यांनी सगळं लक्ष बाणाकडे वळवलं. कार्बनचा बाण हातात फिरवून, एक डोळा मिटून सरळ आहे का बघितला, मग नखाने पिसावर फिरवलं, आणि विचारलं, केवढ्याचा? मी किंमत सांगितली. "एकाचे?" एकाचे. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कापूस वेचायला गेलेल्या बाईला दिवसाचे किती मिळतात हे मलाही माहीत आहे, त्यांनाही. मग हळूच, "अन् हारपला तं?" कारण हारपतातच. थैलीच्या वरून गेलेला एक बाण पऱ्हाटीत शिरला तो वेचणीलाही सापडला नाही.

धनुष्य आणि बाण यांचं पटावं लागतं, हेही मला नंतर कळलं. सुटताना बाण वाकतो, मासोळीसारखा हेलकावत मुठीला वळसा घालून जातो आणि मग सरळ होतो, त्यामुळे तो किती वाकणारा हवा हे धनुष्याच्या जोरावर ठरतं. माझ्या ३० ला दुकानवाल्याने फार ताठ बाण दिले होते, ४५ वाल्याचे असावेत, म्हणून सगळे एका बाजूला जायचे. मामांना मी हे सांगायला लागलो तर त्यांनी मला मध्येच थांबवलं. "बांबू पाहूनच कळते," म्हणाले, "कोणता कोणत्या कामठ्याले जाते थे."

जागलीला मी धनुष्य नेत नाही. नेलं असतं तर काय झालं असतं असा विचार येतो, विशेषतः हरभऱ्याच्या दिवसांत, सकाळी जाऊन बघावं तर अख्खा पट्टा नांगरल्यासारखा उकरलेला असतो आणि मातीत ते ताजे खूर. त्या सकाळी निशाणावर हात जरा जोरात चालतो, आणि नेम हमखास चुकतो. शेजारच्या शिवारात कोणी रात्री तारेत करंट सोडतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्या तारेला वाघ चिकटल्याच्या आणि माणसं चिकटल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो, तरी सोडतात. मी त्यांना नावं ठेवत नाही आणि त्यांच्या बाजूनेही बोलत नाही. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा होतो, पैसे कधी येतात, कधी फाईल फिरत राहते. यात माझ्या ३० पौंडांचा कुठेच संबंध नाही. बाबांनी एकदा विचारलं, "मंग डुकरं मारत नाही तं घेतलं कायले?" मी म्हटलं, असंच. बाबा म्हणाले, "असंच एवढ्या पैशाचं?" पण दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःच खुर्ची घेऊन कोठ्यामागे येऊन बसले आणि कोणता बाण कुठे लागला ते सांगायला लागले, बहुतेक चुकीचं.

मामांसोबत आता बाणांचा सौदा चाललाय. बांबू ते आणणार, विस्तवावर शेकून सरळ करणार, पिसं आमच्याच कोंबड्यांची, टोकाला लोखंडी टोपण मी द्यायचं. एका बाणाचे पन्नास रुपये म्हणतात. मी चाळीस म्हटलं. "चाळीसले देतो," ते म्हणाले, "पण एकसारखे मांगायचे नाई, अन् वाकडा गेला तं आधी आपला हात पाह्यचा, मंग माहा बाण." शेवटी पन्नासवर ठरलं. सहा सांगितलेत, पोळ्याच्या आधी देतो म्हणालेत, बघू.